प्रभुभोजनाला न उठलेली बाई

माझं नाव रत्नमाला, गाव म्हणाल तर नगर जिल्ह्यातलं, राहुरीच्या अलीकडे फाटा लागतो तिथून आत, आणि आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो आजोबांच्या वडिलांपासून, त्यामुळे आम्हाला कुणी नवे ख्रिस्ती म्हटलं की माझी आई भांडायलाच उठायची. वडील मिशनच्या मुलींच्या हॉस्टेलात आचारी, आई तिथंच झाडलोट करायची, आम्ही बहिणी त्या आवारातच वाढलो, घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की झोपायचं. मला नर्सिंगला घातलं ते मिशन हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी. म्हणाल्या, आचाऱ्याच्या पोरीचा हात हलका आहे, हिला मला द्या. वडिलांना काय, ते म्हणाले घेऊन जा. असं माझं शिक्षण झालं, मी काय कुठली हुशारबिशार नव्हते बघा.

लग्न जमलं ते देवळातच, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. हे म्हणजे प्रभाकर, ड्राफ्ट्समन, बिल्डिंगचे नकाशे काढायचं काम, आणि पेटी अशी वाजवायचे की काय सांगू तुम्हाला, नाताळच्या गायनाला नगरची माणसं पुढं येऊन बसायची. माझी आई म्हणाली, पेटी वाजवणारा माणूस कधी हात उगारत नाही. खरंच, हात कधी उगारला नाही हो, खोटं कशाला बोलू, आजतागायत नाही.

हे आधी आले दुबईला, तेव्हा इथं जिकडं बघावं तिकडं क्रेन, नोकरी करणाऱ्याची चैन होती. मग मी आले, जॉयसला घेऊन, ती तेव्हा कडेवर. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये कारखान्यातल्या लोकांसाठी एक क्लिनिक होतं तिथं मला लागली नोकरी. बोट कापलं, डोळ्यात काहीतरी उडालं, उन्हानं चक्कर आली, हे सगळं माझ्याकडं. घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, वन बेडरूम, खाली झाडं, पोरांना खेळायला जागा, म्हणजे मजेत होतो आम्ही. शुक्रवारी इथं सुट्टी, म्हणून त्या दिवशी फेलोशिप, म्हणजे आमची उपासना. इथं चर्चच्या कंपाउंडमध्ये एकेक हॉल असतो आणि सगळ्यांना वेळ वाटून देतात, सकाळी मल्याळी, मग तमिळ, मग आम्ही मराठी, आमच्या मागं फिलिपिनो दारात उभेच. आम्ही माणसं थोडीच, सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक, कुणाच्या घरी काल वांगी होती तेसुद्धा. पेटीवर अर्थात हे.

मग ती मंदी आली. तुम्ही होता का तेव्हा इथं? मग तुम्हाला काय सांगायचं. क्रेन उभ्या त्या उभ्याच राहिल्या, आकाशात नुसते हात वर केलेले. माझ्याकडं क्लिनिकला माणसं यायची, जखम नाही ताप नाही, नुसतं बीपी वाढलेलं, विचारलं क्या हुआ भैया, तर म्हणायचे सिस्टर, कंपनी बंद. त्यातच एक दिवस ह्यांची कंपनी बंद. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की महिनाभरात देश सोडायचा, असा इथला नियम. पण नर्सला, टीचरला, अशा काही बायकांना नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं, दर वर्षी रिन्यू करायचं. तर मी ह्यांना माझ्या व्हिसावर घेतलं. व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधला पोरगा ह्यांना म्हणाला, सर आपका नहीं, मॅडम का साइन चाहिए. हे लालबुंद झाले. मी बघितलं ते, पण म्हटलं जाऊ दे, पोटापुढं कसला मान न् कसलं काय.

तर मी ड्यूटीला आणि हे घरी. सकाळी जॉयसला स्कूलबसवर हे सोडायचे, दुपारी हेच आणायचे. बस-स्टॉपवर सगळ्या बायका आणि त्यात हा एक माणूस. तिथंच ती भेटली. नाव नाही घेत मी तिचं, तीही लेकरंबाळं असलेली बाई, मुंबईकडची, पुढच्याच स्ट्रीटवर राहणारी, नवरा आठवडाभर अबुधाबीला. मला आधी काही कळलं नाही. उलट मी खूश, म्हटलं हे दाढी करायला लागले, इस्त्रीचा शर्ट घालायला लागले, प्रभूनं माझं ऐकलं. आता हसू येतं हो. तेव्हा मी आभारप्रार्थना केली होती त्या इस्त्रीच्या शर्टाची.

मला सांगितलं कुणी, तर माझ्याच लेकीनं. शुक्रवारी उपासनेहून येऊन जेवायला बसलो होतो, मी आमटी केलेली, तर जॉयस म्हणते, मम्मा, आंटी पुट्स कोकम, इट्स बेटर. मी म्हटलं कुठली आंटी? बस-स्टॉप आंटी. मी म्हटलं तू तिच्या घरी जेवलीस का? तर म्हणते, नो मम्मा, शी कुक्स हिअर ओन्ली. पापा सेड यू आर टायर्ड, डोन्ट टेल. ह्यांच्याकडं बघितलं तर हे पोळी मोडतायत, मान खाली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कुकरमध्ये! जॉयसला आत पाठवली आणि विचारलं, हे काय आहे? तर हे म्हणाले, तुला काय समजायचं ते समज. मी म्हटलं मला नीट शब्दांत सांगा. तेव्हा म्हणाले, आहे. आहे मग काय करणार आहेस? व्हिसा कॅन्सल करणार? कर.

लोक म्हणतात, नोकरी गेली की पुरुषाचा मान दुखावतो आणि मग असं होतं. मला आमच्या क्लिनिकच्या डॉक्टरणीनंसुद्धा हेच सांगितलं, पुस्तकातलं. अहो, दुखावला असेल मान, मग? माझे पाय दुखायचे, पोटऱ्यांना गोळे यायचे, मी कुठं गेले का कुणाकडं पाय चेपून घ्यायला?

पण करणार काय मी, सांगा ना. पोलिसात जावं तर इथं हा गुन्हा, दोघांना आत टाकतील, तिची लेकरं उघड्यावर आणि माझ्या पोरीच्या बापाला बेडी. व्हिसा कॅन्सल करावा तर हे नगरला जाऊन बसतील, सासूबाई विचारतील काय झालं, गावभर होईल, आणि जॉयस तर बापावाचून घास घेत नव्हती. मी नोकरी सोडून जावं तर खायचं काय, त्या साली तिकडंही कुणी हार घेऊन उभं नव्हतं. बहिणीला फोन लावला, ती म्हणाली अक्का तू सहन कर, तू मोठी आहेस. मोठी आहे म्हणजे काय हो, मोठेपणाचा आणि ह्याचा संबंध काय? सही माझी चालत होती, घरभाडं माझ्या पगारातून जात होतं, आणि घरात माझ्या हातात चहाच्या गाळण्याशिवाय काही नव्हतं. मला एकच पाहिजे होतं, आजही तेच पाहिजे, की ह्या माणसानं माझ्यासमोर बसावं आणि म्हणावं, रत्ना, मी चुकलो. बाकी त्याला कुठं फासावर द्यायचं होतं मला!

आता आमच्यात महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रभुभोजन असतं, तुम्हाला ठाऊक असेल, भाकर आणि द्राक्षारस. त्याआधी आपलं मन तपासायचं, कुणाबद्दल मनात अढी असेल तर ती मिटवून मग पुढं जायचं, हे मला लहानपणापासून आईनं शिकवलेलं, हॉस्टेलात तर मुली आदल्या दिवशी एकमेकींची माफी मागत फिरायच्या. तर त्या महिन्यात मी उठलेच नाही. अढी कसली, पोटात नुसता निखारा होता, तो घेऊन कशी जाऊ मेजापाशी? सगळी मंडळी रांगेनं पुढं गेली, मी खुर्चीवर. आणि हे, पेटी बाजूला सारली, खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि गेले की पुढं! घेतली भाकर, डोळे मिटून. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही. आणि इतक्या थोड्या माणसांत एक बाई उठत नाही म्हणजे काय ते सगळ्यांना दिसतं. कुजबुज सुरू झाली. रत्नमालाबाई प्रभुभोजन घेत नाहीत. म्हणजे काहीतरी आहे. नर्स आहे, बाहेर असते, काहीतरी पाप घडलं असेल तिच्या हातून. अहो, आमच्या लोकांची रीतच ती, जो उठत नाही तो दोषी. आणि उठून जो घेतो तो शुद्ध.

मग आले घरी फेलोशिपचे वडील. वडील म्हणजे एल्डर, मंडळीचं बघणारे, सॅम्युएल अंकल, माणूस चांगला, अकाउंटंट. बरोबर त्यांची म्हातारी आई, गावाकडून व्हिजिटवर आलेली सगुणामावशी, तिला घरी एकटी कुठं ठेवायची म्हणून आणलेली. मी चहा ठेवला, खारी काढली. अंकल म्हणाले, भगिनी, आम्ही दोषी ठरवायला नाही आलो, पण हृदय तपासा, प्रभू दयाळू आहे, काय असेल ते त्याच्यापुढं कबूल करा. मी ट्रे घेऊन उभी. आणि हे सोफ्यावर अंकलच्या शेजारी बसून म्हणतात, मीपण हेच सांगतो हिला अंकल, प्रार्थनेत राहा, मन मोकळं कर. देवा रे देवा! तो ट्रे ह्यांच्या डोक्यात घालावासा वाटला मला, खरं सांगते, जॉयस आत अभ्यास करत होती म्हणून, नाहीतर त्या दिवशी पोलीस माझ्यासाठी आले असते. मग ह्यांनीच प्रार्थना केली, मोठ्यानं, लांबलचक, माझ्या पत्नीचं हृदय नरम कर म्हणून. अंकलनी आमेन म्हटलं. मी खारीची प्लेट पुढं केली, दुसरं काय करणार.

पण ती म्हातारी उठून माझ्या मागं स्वयंपाकघरात आली. सगळा जन्म बायबलबाई म्हणून काढलेली, म्हणजे खेड्याखेड्यांतून पायी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगायचं, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, पोरी, तुझा दादला लई मोठ्यानं प्रार्थना करतो गं. कुनाकडं जातो? मी रडायलाच लागले. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं ना. ती म्हणाली रड, मी नळ सोडते. आणि नळ सोडून उभी राहिली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

मग ती यायला लागली माझ्या सुट्टीच्या दिवशी, चालत, त्यांचं घर जवळच. मेथी निवडायची, लसूण सोलायची. मला वाटलं आता ही सांगणार, नवऱ्याच्या अधीन राहा, क्षमा कर, तू बदललीस की तो बदलेल. आमच्या बायकांच्या सभेत हेच सांगतात, आणि सांगणाऱ्या सगळ्या ज्यांचे नवरे वेळेवर घरी येतात त्या. तर मावशी म्हणाली, मी तुला क्षमा कर म्हनून सांगाया आले न्हाई. प्रभूनं न मागता क्षमा केली, खरंय, पर तो देव व्हता. तू नर्स हायेस. तुला येळ लागंल. मला इतकं हसू आलं, कितीतरी दिवसांनी हसले मी. मग मी विचारलं, मावशी, मग मी मेजापाशी कधी जाऊ? म्हणाली, आगं ती भाकर काय शान्यासुरत्यांसाठी मांडलीय व्हय? ज्याचं घर मोडलं त्याच्यासाठीच मांडलीय. रागावलीस तर रागावलेली ये. प्रभूला सांग, मला हितं बसवंना, मला हिकडं तुझ्यापाशी बसू दे. तो काय तुला हाकलून देनार न्हाई. आणि आणखी एक सांगितलं, तू त्याला घरात ठिवलंय म्हंजी तू त्याचं केलेलं बरं म्हनतीस असं न्हाई, ह्ये दोन येगळं हाय, ध्यानात ठिव. ते मात्र मला फार उपयोगी पडलं बघा. मी वेडी नाही, मी लाचार नाही, माझ्यापुढं दार नाही एवढंच, हे कुणीतरी मला सांगायला पाहिजे होतं.

पण तिच्या व्हिजिटची मुदत संपली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली, मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही, एअरपोर्टवर ती गर्दी, अंकल यल्ला आई, यल्ला, चल लवकर, करतायत. गेली. पुढं गावीच वारली. ती गेल्यावर मला पुन्हा कुणीच नाही. मेजापाशी रागावलेली जायचं ठरवायची मी दर महिन्याला, पण पाय उचलायचा नाही, काय करू.

आणि मग एका शुक्रवारी, प्रभुभोजनाचाच शुक्रवार, साक्ष कुणाला द्यायची आहे का म्हणून विचारलं. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. तर पेटीमागून हे उठले. म्हणाले, मी भटकलो होतो. नोकरी गेली, मन खचलं, मी चुकीच्या वाटेनं गेलो, कुटुंबाला दुःख दिलं, पण प्रभूनं मला शोधून आणलं, क्षमा केली, माझं घर पुन्हा बांधलं. आणि रडले हो, खरंच रडले, नुसत्या डोळ्यांतल्या पाण्याचं बोलत नाही मी, आवाज फुटून रडले. सगळी मंडळी स्तुती असो, हालेलूया. सॅम्युएल अंकलनी मिठी मारली. बायका माझ्या अंगावर पडल्या, अगं किती भाग्यवान तू, तुझ्या प्रार्थना पोचल्या. ज्या मला पापी म्हणत होत्या त्याच, तोंडं तीच. जॉयस माझ्याकडं बघते, व्हॉट हॅपन्ड मम्मा, व्हाय इज पापा क्राइंग? आणि लगेच प्रभुभोजन. आता सगळे डोळे माझ्यावर. अशा वेळी कोण बसून राहील? मी उठले. घेतली भाकर. ज्या भाकरीसाठी इतके महिने जीव तुटत होता ती तोंडात घातली आणि चव म्हणून लागली नाही, बाजूची बाई माझा हात धरून ढकलत होती ना पुढं.

परतताना टॅक्सीत जॉयस झोपली. मी म्हटलं आता. आता विचारते. म्हटलं, अहो, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मला कधी सांगणार? हे खिडकीबाहेर बघत होते, त्या उभ्या क्रेनकडं. म्हणाले, सांगितलं की सगळ्यांसमोर. आणखी काय पाहिजे तुला? खलास आता तो विषय.

झालं. खलास म्हणजे खलास. प्रभूनं क्षमा केली, मंडळीनं केली, मी एकटी राहिले, आणि मी तो विषय काढला की मीच वाईट, ज्याला देवानं क्षमा केली त्याला ही बाई टोचते. तुम्हीच सांगा, कुणाकडं जाऊन भांडू?

पुढं ती बाई इथून गेली म्हणतात, नवऱ्याबरोबर. खरं-खोटं मी विचारलं नाही. ह्यांना नोकरी लागली अबुधाबीला, अल रीम आयलंडवर टॉवरचं मेंटेनन्स बघतात, व्हिसाही आता कंपनीचाच. गुरुवारी संध्याकाळी येतात, शनिवारी जातात. मधले दिवस तिथं कसे असतात ते प्रभूला ठाऊक आणि त्यांना ठाऊक. माझ्याशी चांगलं बोलतात, येताना फळं आणतात, माझे पाय दुखले तर बाम आणून देतात. पेटी अजून वाजवतात, छान वाजवतात. जॉयस पुण्याला कॉलेजात आहे, तिला सगळं कळलंय, न सांगता. एकदा फोनवर म्हणाली, मम्मा, व्हाय आर यू स्टिल देअर? मी म्हटलं बेटा, तू जेवलीस का?

आणि आता गंमत ऐका. पाळकसाहेब नव्यानं आलेत ते, कुठल्या बाईच्या घरी असं काही झालं की तिला माझ्याकडं पाठवतात. म्हणतात, रत्नमालाबाईंना भेटा, प्रभूनं त्यांचं घर कसं जोडलं ते ऐका, उत्तेजन मिळेल. त्या येतात बिचाऱ्या. मी त्यांना क्षमा कर म्हणत नाही. चहा करते, बसवते, रडल्या की नळ सोडते. प्रार्थना करते, लहानशीच, की हिला आजचा दिवस निभू दे.

मागच्या आठवड्यात एक आली, लहान पोर हो, लग्नाला किती दिवस झालेत तिच्या. नवऱ्याचं ऑफिसमध्येच कुणाशी, तो म्हणतो तुला पटत नसेल तर इंडियाला जा. रडली, जेवली थोडं, जाताना चप्पल घालता घालता दारात थांबली आणि मला म्हणाली, आंटी, एक विचारू? प्रभाकर अंकलनी शेवटी तुमची माफी मागितली ना, तेव्हा कसं वाटलं तुम्हाला? मी म्हटलं, अजून मागायचीय. ती हसली, तिला वाटलं आंटी चेष्टा करतायत. मीही हसले मग. जाऊ दे, तिचं तरी बरं होवो, प्रभू तिच्या नवऱ्याला बुद्धी देवो, आणि तिच्यापुढं बसून उघडायला तोंड देवो.